नव्या शहरात स्त्रीरोगतज्ज्ञ शोधताना

लग्नानंतर किंवा बदलीमुळे पुणे, नाशिक, ठाणे अशा शहरात नव्याने आलेल्या बाईला दिवस राहिले, की ती बहुधा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक ओळ टाकते : "जवळपास चांगल्या गायनॅक डॉक्टर सुचवा." तासाभरात आठ-दहा नावे येतात. अमुक मॅडम फार समजून घेतात, तमुक मॅडमचा हातगुण चांगला, अमक्यांकडे गर्दी फार असते पण नंबर लावता येतो. रात्री दोन वाजता सिझर करावे लागले तर भूल द्यायला कोण येते आणि किती वेळात येते, हे मात्र त्या आठ-दहा जणींपैकी कोणीही सांगत नाही, कारण बहुतेकींवर ती वेळ आलेली नसते. डॉक्टर निवडायचे ते त्या वेळेसाठी, आणि त्या वेळी स्वतःच्या हातात स्वतःची पूर्ण फाइल हवी, या दोन गोष्टी धरून पुढचा सगळा लेख लिहिला आहे.

पाटी वाचणे

प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोगशास्त्र हे आपल्याकडे एकाच पदव्युत्तर शिक्षणाचे भाग आहेत. त्यामुळे बाळंतपण करणारे आणि पाळीच्या, गर्भाशयाच्या किंवा अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारी पाहणारे डॉक्टर बहुधा एकच असतात. पाटीवर एम.बी.बी.एस. नंतर एम.डी., एम.एस. किंवा डी.एन.बी. ही पदवी असावी. डी.जी.ओ. ही याच विषयातील पदविका असून अनेक ज्येष्ठ डॉक्टरांच्या नावापुढे ती दिसते. बी.ए.एम.एस. नंतर प्रसूतितंत्र व स्त्रीरोग या विषयात घेतलेली एम.एस. ही आयुर्वेद शाखेची पदवी आहे. यात चांगले-वाईट ठरवण्याचा हेतू नाही, परंतु पाटीवर नुसते 'एम.एस.' लिहिलेले असेल तर त्याआधीची पदवी कोणती हे वाचल्याशिवाय आत जाऊ नये.

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर दाखवणे बंधनकारक आहे. तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. खासगी प्रसूतिगृहाची नोंदणी १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते आणि २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. हे कागद बहुतेक ठिकाणी स्वागतकक्षाच्या मागच्या भिंतीवर, गणपतीच्या तसबिरीच्या बाजूला कुठेतरी असतात. नंबर येईपर्यंत बसायचेच असते, तेवढ्या वेळात ते वाचून होतात.

सरकारी, महापालिकेचे की खासगी

ऐपत असेल तर खासगी आणि नसेल तर सरकारी, अशी सरधोपट विभागणी लोक करतात आणि ती चुकीची आहे. मुंबईतील केईएम, सायन, नायर, परळचे वाडिया प्रसूती रुग्णालय किंवा पुण्यातील ससून येथे गुंतागुंतीची बाळंतपणे रोज होतात. लहान खासगी प्रसूतिगृहांतून ऐनवेळी पाठवलेल्या बायका शेवटी अशाच मोठ्या रुग्णालयांत पोहोचतात. मुंबईत फोर्टजवळचे कामा रुग्णालय १८८६ पासून स्त्रियांसाठीच चालू आहे. अशा ठिकाणी चोवीस तास निवासी डॉक्टर, रक्तपेढी आणि नवजात बालकांचा कक्ष एकाच आवारात मिळतो. उणीव असते ती गर्दीची, खाटांची आणि खासगीपणाची. पहिल्या दिवशी केसपेपरच्या खिडकीपासून तपासणीपर्यंत अर्धा दिवस सहज जातो, हे धरून पाण्याची बाटली आणि खाण्याचा डबा घेऊनच निघावे.

खर्चाचा प्रश्न असेल तर काही गोष्टी आधीच माहीत असाव्यात. २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय आरोग्य संस्थेत प्रसूती, सिझर, औषधे, तपासण्या आणि रक्त मोफत असते, नॉर्मल प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझरनंतर सात दिवस जेवण मिळते, तसेच घरापासून रुग्णालयापर्यंत आणि परत घरी सोडण्यासाठी वाहन मिळते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, आणि तिचा लाभ खासगीत नाव नोंदवलेल्या बाईलाही घेता येतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र स्त्रीला पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. या योजनांचे अर्ज भरण्यात वस्तीतील आशाताई जितकी मदत करतात तितकी कोणताही माहितीफलक करत नाही. म्हणून नव्या शहरात घर लागले की आपल्या भागाच्या आशाताई कोण, हे जवळच्या आरोग्य केंद्रात विचारून त्यांचा नंबर घेऊन ठेवावा. भाड्याच्या घरात राहणाऱ्या बाईलाही तो मिळतो. परगावचे आधार कार्ड आहे म्हणून कोणी तपासणी नाकारत असेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावे.

रात्री दोनचा प्रश्न

खासगी ठिकाण निवडायचे ठरले, तर पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत डॉक्टरांना सरळ काही प्रश्न विचारावेत. रात्री कळा सुरू झाल्या तर तुम्ही स्वतः याल का, आणि तुम्ही गावाला गेलेल्या असाल तर कोण येईल? भूलतज्ज्ञ इथेच असतात की बोलवावे लागतात, आणि बोलावल्यावर किती मिनिटांत पोहोचतात? बाळाला श्वास घ्यायला त्रास झाला तर बालरोगतज्ज्ञ हजर असतील का, आणि बाळाला काचेत ठेवण्याची सोय इथे नसेल तर कुठे हलवता? रक्त लागले तर कोणत्या रक्तपेढीतून येते?

हे विचारताना संकोच वाटतो. आपल्याकडे डॉक्टरांना असे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे वडीलधाऱ्यांनाही वाटते, आणि शेजारी बसलेल्या सासूबाई हळूच हात दाबतात. माझा अनुभव असा, की चांगल्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडतात. एका मॅडमने तर समोरचे पॅड ओढून त्यावर दोन नावे आणि दोन फोन नंबर लिहून दिले, आणि "हे फ्रिजवर चिकटवा" असे सांगितले. ज्यांनी "ते आमच्यावर सोडा" एवढेच उत्तर दिले, त्यांच्याकडे आम्ही परत गेलो नाही. दहा खाटांच्या प्रसूतिगृहात सगळे एका छताखाली असेल अशी अपेक्षा करणे रास्त नाही. पण काय नाही आणि ते नसल्यावर काय करायचे, हे तिथे ठरलेले असले पाहिजे.

पॅकेज विचारताना एक बाब जवळपास सगळेच विसरतात. 'नॉर्मलचे इतके, सिझरचे इतके' हा आकडा आईचा असतो. बाळाच्या तपासण्या, बालरोगतज्ज्ञांची फी आणि कावीळ झाली तर निळ्या दिव्याखाली ठेवण्याचे बिल त्यात बहुधा नसते. आरोग्य विमा असेल तर प्रसूतीचा खर्च त्यात आहे का, त्याला किती रकमेची मर्यादा आहे आणि प्रतीक्षाकाळ किती आहे, हे पॉलिसी उघडूनच पाहावे. स्वतः घेतलेल्या पॉलिसीत प्रसूतीसाठी काही वर्षांचा प्रतीक्षाकाळ असणे सर्वसाधारण आहे; नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक विम्यात तो पुष्कळदा नसतो.

पहिली भेट आणि आठवड्यांचा हिशेब

पाळी चुकल्यावर घरच्या घरी केलेल्या लघवीच्या तपासणीत दोन रेघा दिसल्या, की शक्यतो बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवावे. पहिल्याच भेटीत नवख्या बाईचा गोंधळ उडतो तो आठवड्यांच्या मोजणीत. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. समजा शेवटची पाळी १० जानेवारीला आली आणि १० फेब्रुवारीला तपासणी केली, तर कागदावर 'चार आठवडे तीन दिवस' लिहिले जाते, जरी गर्भधारणा प्रत्यक्षात जानेवारीच्या अखेरीच्या सुमारास झालेली असली तरी. हे ठाऊक नसल्यामुळे घराघरांत नको ते गैरसमज झालेले आहेत. प्रसूतीची अंदाजे तारीख काढताना त्या दिवसात सात दिवस आणि नऊ महिने मिळवतात, म्हणजे वरच्या उदाहरणात १७ ऑक्टोबर. आजीचे 'नऊ महिने नऊ दिवस' आणि डॉक्टरांचे २८० दिवस यांत फारसे अंतर नाही. मात्र ही तारीख अंदाजाची असते. फार थोडी बाळे नेमकी त्या दिवशी येतात. पाळी अनियमित असेल तर हा हिशेब चुकतो, आणि म्हणून पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीची तारीख अधिक भरवशाची धरतात.

पहिल्या भेटीत वजन, उंची आणि रक्तदाब पाहतात. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, लघवी, तसेच एचआयव्ही, गुप्तरोग आणि कावीळ बी यांच्या तपासण्या लिहून देतात. एचआयव्हीचे नाव वाचून घाबरू नये. ती प्रत्येक गरोदर बाईची होते, कारण वेळेवर उपचार मिळाले तर बाळाला होणारा संसर्ग मोठ्या प्रमाणात टाळता येतो. आधीचे गर्भपात, आधीचे सिझर, थायरॉइड, फिट्स, चालू असलेली औषधे हे सगळे सांगावे. घरच्यांसमोर सांगण्यासारखे नसेल, तर "मला पाच मिनिटे एकटीला बोलायचे आहे" असे म्हणण्याचा अधिकार आहे, आणि तो वापरावा.

आतून तपासणी किंवा आतून सोनोग्राफी करायची असेल तर डॉक्टरांनी आधी कारण सांगून संमती घेतली पाहिजे. डॉक्टर पुरुष असतील तर तपासणीच्या वेळी दुसरी स्त्री खोलीत हजर असावी, असे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतही म्हटले आहे. पडदा नीट ओढलेला नसेल तर तो ओढायला सांगावा. सिस्टर घाईत असतात, पण सांगितल्यावर ओढतात.

तारखा, गोळ्या आणि सोनोग्राफी

किमान चार तपासण्या व्हाव्यात असे शासनाचे धोरण आहे. व्यवहारात सातव्या महिन्यापर्यंत महिन्यातून एकदा, मग पंधरवड्याने आणि शेवटच्या महिन्यात आठवड्याला बोलावतात. यांतील काही भेटी मागेपुढे झाल्या तरी चालतात, काही मात्र चुकवून चालत नाहीत. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यानची सोनोग्राफी, अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमाराची बाळातील व्यंग पाहणारी सोनोग्राफी आणि चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांतील साखरेची तपासणी या त्या भेटी होत. साखरेच्या तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. साखर १४० किंवा त्याहून अधिक आली तर गरोदरपणातील मधुमेह धरून पुढचे उपचार ठरतात. ते पाणी कमालीचे गोड लागते आणि काहींना उलटी होते. उलटी झाली तर ते लपवू नये, कारण मग निकालाला अर्थ राहत नाही.

सोनोग्राफी केंद्रात डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र लागते, आणि 'मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही' अशा मजकुराच्या अर्जावर सही घेतात. १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग सांगणे आणि विचारणे हे दोन्ही गुन्हे आहेत. नातेवाइकांनी गमतीतही हा प्रश्न टाकू नये. "पेढे की जिलेबी" असे विचारणारे काका आजही भेटतात, आणि त्यामुळे डॉक्टर अडचणीत येतात.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर गरोदरपणात तो रक्तक्षय समजतात आणि ७ च्या खाली गेले तर तो तीव्र असतो. पहिले तीन महिने फोलिक ॲसिड, त्यानंतर किमान १८० दिवस लोहाची गोळी आणि सोबत कॅल्शियम असा साधारण क्रम असतो. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतल्यास लोह अंगी लागत नाही, म्हणून दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीनंतर लगेच चहा टाळावा, लिंबूपाणी चालते. शौचाला काळी होते, त्याला भिऊन गोळ्या बंद करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत; तो रंग लोहाचाच असतो.

रक्तगट निगेटिव्ह असेल आणि पतीचा पॉझिटिव्ह असेल, तर हे फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात लिहून घ्यावे. अशा बाईला साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन देतात, आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह आला तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा देतात. हे राहून गेले तर त्याची किंमत पुढच्या बाळाला मोजावी लागते. गर्भपात झाला असेल तरी या इंजेक्शनाबद्दल विचारायचे असते.

माहेरी जाताना

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते आणि बाई माहेरी जाते. रीत चांगलीच आहे, बाईला विसावा मिळतो. पण वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर सगळ्यात जोखमीच्या तीन महिन्यांच्या तोंडावर डॉक्टर, रुग्णालय आणि गाव असे सगळे एकदम बदलते.

माझी भाची अशीच सातव्या महिन्यात पुण्याहून तिच्या माहेरच्या तालुक्याला गेली. साड्या, फळांच्या टोपल्या, डिंकाचे लाडू असे सगळे गाडीत गेले आणि फाइल पुण्याच्या कपाटात राहिली. तिथल्या रुग्णालयात सिस्टरनी विचारले, "ताई, पहिली सोनोग्राफी कधीची?" ते कोणाला सांगता येईना. नव्याने केलेल्या सोनोग्राफीत बाळ तारखेच्या मानाने लहान दिसले. ते खरोखर खुरटलेले आहे की तारीखच चुकीची धरली आहे, हे ठरवता येईना, कारण शेवटच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून दिवस मोजले तर दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो. चार दिवस घरभर काळजी होती. शेवटी जावईबापूंनी कपाट उघडून नऊ आठवड्यांच्या अहवालाचा फोटो पाठवला, आणि तारीखच चुकीची धरली गेल्याचे कळले. फोन नऊ वाजता आला होता. साडेनऊला घरात पुन्हा चहा ठेवला गेला.

तेव्हा फाइल कशी ठेवावी हे सांगतो. वर माता-बाल संरक्षण कार्ड, त्याखाली रक्तगटाचा कागद, मग सोनोग्राफीचे अहवाल तारखेनुसार आणि शेवटी बाकीच्या तपासण्या व चिठ्ठ्या. सोनोग्राफीची गुळगुळीत कागदावरची चित्रे कालांतराने फिकी पडतात, म्हणून प्रत्येक कागदाचा फोटो काढून तो स्वतःच्या आणि आणखी एका माणसाच्या मोबाइलमध्ये ठेवावा. रुग्णालयाकडे राहिलेल्या नोंदींची प्रत मागण्याचा रुग्णाला हक्क आहे आणि मागणी केल्यापासून ७२ तासांत ती देणे वैद्यकीय आचारनियमांनुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे. माहेरच्या डॉक्टरांना सहाव्या महिन्याच्या सुमारास एकदा भेटून नाव नोंदवून यावे, आणि रात्री दोनचा प्रश्न त्यांनाही विचारावा. आधीचे सिझर, जुळी बाळे, वाढलेला रक्तदाब किंवा वार (प्लॅसेंटा) खाली असणे यांपैकी काही असेल, तर जिथे रक्तपेढी आणि नवजात कक्ष जवळ आहे अशा गावीच प्रसूती करावी. अशा वेळी आईने लेकीकडे येऊन राहणे, हा रीत न मोडता केलेला चांगला बदल आहे.

ताबडतोब निघण्याची लक्षणे

अंगावर रक्त जाणे, पाणी जाणे, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर अचानक आलेली सूज, फिट, जोराचा ताप, सतत दुखणारे आणि दगडासारखे कडक झालेले पोट, आणि बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ही आपत्कालीन रुग्णवाहिका मोफत आहे, आणि गरोदर बाई व तान्ह्या बाळासाठी १०२ ही सेवा आहे. रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर असेल तर बरे वाटत असले तरी डॉक्टरांना कळवावे. या आजारात बाईला सुरुवातीला काहीच जाणवत नाही, आणि हाच त्यातला धोका आहे.

सिझरविषयी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील शासकीय संस्थांत १४.३ टक्के, तर खासगी संस्थांत ४७.४ टक्के प्रसूती सिझरने झाल्याचे आढळले. एवढ्या मोठ्या फरकामागे केवळ अवघड बाळंतपणे आहेत असे म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूने, "कळा सोसल्याशिवाय आई होत नाही" असे म्हणत आवश्यक सिझर लांबवणारी घरेही आहेत, आणि त्याची किंमत बाळाला मोजावी लागते. बाळाचे ठोके बिघडणे, वार तोंडावर असणे, बाळ आडवे असणे ही सिझरची ठोस कारणे आहेत. पायाळू बाळासाठीही बहुधा सिझरच सुचवतात. सोनोग्राफीत 'नाळ गळ्याभोवती' असे लिहिलेले असणे हे एवढ्यापुरते सिझरचे कारण होत नाही, कारण तशी पुष्कळ बाळे नॉर्मल जन्मतात. घाई नसेल तर कारण काय, थांबलो तर काय होईल आणि थांबण्याची मर्यादा किती, एवढे विचारून मगच संमतीपत्रावर सही करावी. ठोके बिघडले असे सांगून आत नेत असतील, तर मात्र त्या क्षणी चर्चा करत बसू नये.

प्रसूतीनंतर

सगळे घर बाळाभोवती जमते आणि आई मागे पडते. सहा आठवड्यांनी आईची स्वतःची तपासणी असते. पुष्कळ बायका ती चुकवतात, कारण बाळाच्या लसीची तारीख लक्षात राहते आणि स्वतःची राहत नाही. टाके, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि गर्भनिरोधन या गोष्टी त्या भेटीत होतात. शासकीय केंद्रांत तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन आणि 'छाया' गोळ्या मोफत मिळतात. तांबी प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते, पण त्याची संमती आधी, कळा सुरू होण्यापूर्वी घेतलेली असावी. दोन आठवडे उलटूनही रडू येत राहिले, झोप लागेना किंवा बाळ नकोसे वाटू लागले, तर ते नखरे नव्हेत, आजार आहे. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मोफत बोलता येते.

गर्भपात हवा असेल तर

१९७१ च्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार वीस आठवड्यांपर्यंत एका आणि ठरावीक कारणांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. बाळात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकते. व्यंग पाहणारी सोनोग्राफी वेळेत करा असे वर सांगितले त्याचे एक कारण हेही आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीची सही कायदा मागत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालाने अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांची ही तरतूद लागू आहे. नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेऊ नयेत. गर्भ नळीत राहिलेला असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही आणि जीव धोक्यात येतो.

दिवस गेलेले नसतानाही

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणजे बाळंतपणाचे डॉक्टर, या समजापायी चाळिशीनंतरच्या बायका त्यांच्याकडे जातच नाहीत आणि गेल्या तर शेवटच्या टप्प्यावर जातात. पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे किंवा स्तनात गाठ लागणे, यांपैकी काहीही असले तरी त्याच आठवड्यात दाखवावे.

अति रक्तस्राव किंवा पांढरे जाणे यांवर 'पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल' असा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. तेव्हाच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. पिशवी काढण्याआधी औषधे, हार्मोनयुक्त तांबी, गाठ असल्यास फक्त गाठ काढणे असे पर्याय असतात. तिशी-पस्तिशीत अंडाशयेही काढली, तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम, त्यात हाडे ठिसूळ होणेही आले, लवकर सुरू होतात. सल्ल्याचा कागद, सोनोग्राफी आणि असल्यास तुकड्याचा तपासणी-अहवाल घेऊन दुसऱ्या ठिकाणी जाणे हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान ठरत नाही.

गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी शासकीय केंद्रांत तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी होते. सिस्टर मुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावतात, म्हणजे एक प्रकारचे व्हिनेगरच, आणि थोड्या वेळाने तिथे पांढरा डाग उठतो का ते पाहतात. खासगीत पॅप किंवा एचपीव्ही चाचणी होते. पाळी चालू असताना जाऊ नये, आणि आधीचे दोन दिवस संबंध व आत ठेवण्याच्या गोळ्या टाळाव्यात. काम पाच मिनिटांचे असते, थोडे अवघडल्यासारखे वाटते, दुखत फारसे नाही. आठवड्याने पॅपचा अहवाल येतो आणि त्यावर 'निगेटिव्ह' लिहिलेले पाहून सासूबाई घाबरतात. त्याचा अर्थ कर्करोगाची किंवा त्याआधीची काही लक्षणे सापडली नाहीत असा आहे, हे त्यांना सांगावे आणि तो कागद त्यांच्या स्वतःच्या फाइलमध्ये लावून द्यावा.